‘परिसर’ हा शब्द आणि विद्यापीठांचा हिरवा हिशेब

मराठीत ‘परिसर’ हा शब्द दोन ठिकाणी राबतो. विद्यापीठाच्या फाटकाच्या आतली जमीन, इमारती, झाडे आणि वसतिगृहे मिळून विद्यापीठाचा परिसर होतो. दुसरीकडे, प्राथमिक शाळेतल्या मुलाच्या दप्तरात ‘परिसर अभ्यास’ नावाचे पुस्तक असते, आणि त्यात गावचा ओढा, शिवार, आठवड्याचा बाजार, सुतार, कुंभार, पाऊस असे सगळे येते. पहिला परिसर कुंपणापाशी संपतो. दुसरा कोठे संपतो हे त्या पुस्तकालाही नीट सांगता येत नाही. इंग्रजीने या दोन कल्पनांसाठी दोन निराळे शब्द राखून ठेवले आहेत. आमच्या भाषेने ते केले नाही, हे तिचे दारिद्र्य आहे असे आम्हांस वाटत नाही. उलट, गेल्या पंधरा वर्षांत विद्यापीठांची जी नवी प्रतवारी जगभर सुरू झाली आहे, ती समजून घेण्यास हा एकच शब्द फार उपयोगी पडतो असे आमचे मत आहे.

ही प्रतवारी आहे ‘शाश्वतते’ची. कोणते विद्यापीठ पाणी किती वाचवते, वीज कशी वापरते, कचऱ्याचे काय करते, वंचितांना दार किती उघडते, यावर गुण देऊन याद्या लावण्याची. साहित्याच्या विद्यार्थ्याने या याद्यांकडे का पाहावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, यादी हाही एक वाङ्मयप्रकार आहे. तिलाही निवेदक असतो, दृष्टिकोन असतो, आणि ती जे सांगत नाही त्यातच पुष्कळदा तिचा आशय असतो. शिवाय या यादीत ज्या विद्यापीठांना बसवायचे त्यांचा इतिहास यादीहून जुना आहे. तो इतिहास आधी पाहू.

आम्ही नाशिकचे. नाशिकच्या महाविद्यालयांचे विद्यापीठ प्रथम मुंबईस होते, मग पुण्यास आले. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ आरंभी शिकवणारे विद्यापीठ नव्हतेच. ते परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे होते. शिकवणे महाविद्यालयांत चाले. १९२४ साली गोखले एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय नाशिकला निघाले, ज्याला पुढे आपण सारे एचपीटी म्हणू लागलो, तेव्हा तेही त्या दूरच्या विद्यापीठाशी संलग्न होते. याच महाविद्यालयात कुसुमाग्रज शिकले आणि पुढे वसंत कानेटकरांनी शिकवले. म्हणजे विद्यापीठ नावाची गोष्ट नाशिककरांना पहिली पंचवीस वर्षे दिसली ती प्रश्नपत्रिका, निकाल आणि पदवीचा कागद या रूपांत. तिला जागा होती, पण ती आपल्या गावात नव्हती.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. आरंभी बारा जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात होते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, तेव्हा पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे आणि जळगाव हे पाच उरले. १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाल्यावर धुळे आणि जळगावही गेले. उरले तीन : पुणे, नाशिक, आणि आता अहिल्यानगर म्हणून ओळखला जाणारा नगर जिल्हा. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले.

या विद्यापीठाची गणेशखिंडीतली मुख्य इमारत पाहिलेली नाही असा पदवीधर आमच्या भागात विरळा. सुमारे ४११ एकरांचा परिसर, वडा-पिंपळांची दाट सावली, आणि मधोमध उंच मनोऱ्याची दगडी वास्तू. ती बांधली गेली मुंबईच्या गव्हर्नराच्या पावसाळी निवासासाठी. काम १८६४ मध्ये बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत सुरू झाले आणि १८७१ मध्ये संपले. तो काळ अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबई इलाख्याच्या कापसाला सोन्याचा भाव आल्याचा, आणि मग तो भाव कोसळल्याचा. या बांधकामावरील उधळपट्टीची टीका थेट ब्रिटिश पार्लमेंटात झाली. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव याच वास्तूत साजरा झाला आणि तेथून परतणाऱ्या रँडवर चापेकरांनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली. आज ज्या हिरवाईचे गुण विद्यापीठाच्या खात्यात जमा होऊ शकतात, ती हिरवाई अशा रीतीने आली आहे. गव्हर्नराला विस्तीर्ण उद्यान हवे होते म्हणून नव्या विद्यापीठाला वृक्षराजी मिळाली. ती कोणी टिकवली हा श्रेयाचा प्रश्न. ती मुळात कोणाच्या पैशाने उभी राहिली हा इतिहासाचा प्रश्न. यादीला पहिला प्रश्न विचारता येतो, दुसरा येत नाही.

दुसरा प्रश्न विचारणारा माणूस मात्र त्याच पुण्यात होता. १८८२ मध्ये हंटर यांच्या शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात त्यांनी उच्च शिक्षणाचा सरळ जमाखर्च मांडला. सरकारी तिजोरीत पैसा येतो तो बव्हंशी रयतेच्या घामातून, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. रयतेच्या पदरात त्यातले काय पडते, असा त्यांचा रोख होता. विद्यापीठाच्या सामाजिक ताळेबंदाची आपल्याकडची ही पहिली मोठी मागणी, असे म्हणण्यास हरकत नसावी. याच फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरउतारावर ताली-बांध घालून पावसाचे पाणी आणि गाळ शिवारातच मुरवावा असे सुचवले, आणि जंगल खात्याने गुराख्यांची चराऊ राने हिरावून घेतल्याबद्दल त्या खात्याला धारेवर धरले. माती, पाणी, रान आणि शिक्षण हे त्यांच्या लेखी एकाच हिशेबवहीतले रकाने होते. पुढे त्या रकान्यांची फारकत झाली. शिक्षण एका खात्याकडे गेले, पाणी दुसऱ्याकडे, जंगल तिसऱ्याकडे. आणि विद्यापीठाने आपल्यापुरती परीक्षा सांभाळली.

अर्थात फारकत पूर्ण झाली नाही. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, आणि तेव्हापासून महाविद्यालयांच्या हिवाळी शिबिरांत किती बांध घातले गेले, किती विहिरींतला गाळ निघाला, याची मोजदाद कोणत्याही प्रतवारीत नाही. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही पाण्याच्या कामासाठी देशभर नावाजलेली गावे याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरणाचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने जे पाठ्यपुस्तक काढले ते पुण्याच्या इराक भरुचा यांनी लिहिलेले. हा विषय बहुतेक महाविद्यालयांत कसा शिकवला गेला हे शिकवणारे आणि शिकणारे दोघेही जाणून आहेत. त्यावर येथे अधिक लिहीत नाही.

आता याद्यांकडे वळू. १९९० मध्ये फ्रान्समधल्या तालुआर या गावी बावीस विद्यापीठप्रमुख जमले आणि त्यांनी पर्यावरणाबाबत विद्यापीठांच्या कर्तव्यांचा दहा कलमी जाहीरनामा काढला. ते वचन होते, स्पर्धा नव्हती. स्पर्धा आली २०१० मध्ये, आणि ती युरोप-अमेरिकेतून आली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. इंडोनेशिया विद्यापीठाने ‘ग्रीनमेट्रिक’ नावाची यादी सुरू केली. पहिल्या वर्षी पंच्याण्णव विद्यापीठे तीत होती. पुढे स्थिरावलेली तिची गुणवाटणी अशी : जागा आणि पायाभूत सोयी १५, ऊर्जा आणि हवामानबदल २१, कचरा १८, पाणी १०, वाहतूक १८, शिक्षण आणि संशोधन १८. २०१९ पासून टाइम्स हायर एज्युकेशनने संयुक्त राष्ट्रांच्या सतरा उद्दिष्टांवर बेतलेली यादी काढली. २०२२ च्या अखेरीस क्यूएसने आपली यादी आणली. आणि २०२५ मध्ये भारत सरकारच्या एनआयआरएफनेही शाश्वत विकास उद्दिष्टांसाठी स्वतंत्र वर्गवारी केली; तीत आयआयटी मद्रास पहिली आली.

या मोजणीला नावे ठेवण्याआधी तिचे ऋण मान्य केले पाहिजे. मोजल्याशिवाय नळाची गळतीही दिसत नाही. विजेचे देयक कुलगुरूंच्या टेबलावर विचाराचा विषय म्हणून येणे, ही लहान गोष्ट नव्हे. टाइम्सच्या यादीत तर घराण्यात प्रथमच उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे, आणि त्यांतही मुलींचे प्रमाण विचारले गेले. १८८२ चा प्रश्न तो हाच नव्हे काय? सावित्रीबाईंचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाला याहून योग्य प्रश्न कोणी विचारू शकला नसता.

तरी दोन गोष्टी खटकतात. पहिली पुराव्याची. यांतल्या बहुतेक याद्यांत भाग घेणे ऐच्छिक, आणि माहिती विद्यापीठाने स्वतः भरायची. टाइम्सच्या रीतीत धोरण असल्याचा एक गुण, त्याचा पुरावा दिल्याचा आणखी, आणि तो पुरावा जाहीर असल्याचा आणखी. नॅकच्या सातव्या निकषाखाली ज्यांनी ‘ग्रीन ऑडिट’च्या फायली रचल्या आहेत त्या आमच्या प्राध्यापक वाचकांना हा प्रकार परका नाही. रोप लावणे आणि रोप लावल्याचे अक्षांश-रेखांशासह छायाचित्र काढणे, या दोन कृतींपैकी फायलीत दुसरीच जाते. रोप पुढच्या मे महिन्यात जगले की नाही याचा रकाना आमच्या पाहण्यात नाही. ज्या संस्थेपाशी फाइल रचणारा स्वतंत्र कक्ष आहे ती पुढे जाते, आणि ज्या सरकारी विद्यापीठात शिक्षकांच्याच जागा रिकाम्या आहेत त्याचे काम असूनही कागद नसतो.

दुसरी गोष्ट कुंपणाची. ग्रीनमेट्रिक विचारते : एकूण जमिनीपैकी वनाच्छादित किती, माणशी मोकळी जागा किती, आवारात वाहने किती. हे प्रश्न ज्याला कॅम्पस आहे, आणि ज्याचे विद्यार्थी त्या कॅम्पसवर राहतात, त्या विद्यापीठाला मनात धरून रचलेले आहेत. पण संलग्न महाविद्यालयांच्या विद्यापीठाचे काय? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांपैकी फार मोठा वर्ग गणेशखिंडीत नाही. तो सटाण्यात आहे, संगमनेरात आहे, जुन्नरात आहे. नाशिक ते पुणे हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. सुरगाण्याचा विद्यार्थी धरला तर आणखी पुष्कळ. सर्व कामे संगणकावर येण्यापूर्वी एकेका दाखल्यासाठी, दुरुस्तीसाठी, पदवीच्या कागदासाठी तीन जिल्ह्यांतून पुण्याकडे किती एसटी भरून गेल्या असतील! ट्रकांतून गेलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वेगळेच. गणेशखिंडीच्या वडाखाली शोषलेला कार्बन खात्यात धरायचा, आणि या वाऱ्यांचा धूर धरायचा नाही, हा हिशेब शाळेतल्या ‘परिसर अभ्यासा’लाही पटणार नाही.

येथेच आमच्या गावचे दुसरे विद्यापीठ आठवते. १ जुलै १९८९ रोजी विधिमंडळाच्या कायद्याने यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नाशिकजवळ, गोदावरीवरच्या गंगापूर धरणाच्या शेजारी त्याचे मुख्यालय आहे. कार्यक्षेत्र मात्र सारा महाराष्ट्र. आठ विभागीय केंद्रे आणि गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे. संस्थापक कुलगुरू डॉ. राम ताकवले. गंमत अशी की हेच ताकवले १९७८ ते १९८४ या काळात पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. म्हणजे गणेशखिंडीतला मनोरा सांभाळून झाल्यावर त्यांनी अशा विद्यापीठाची उभारणी केली की ज्याच्या विद्यार्थ्याने मुख्यालय कधी पाहिलेच नाही तरी चालावे. बारावी न झालेल्या प्रौढालाही पूर्वतयारीच्या वाटेने पदवीपर्यंत येता यावे, ही त्याची ओळख ठरली. लाखो विद्यार्थी, आणि त्यांचा परिसर म्हणजे स्वतःचे घर, दुकान, पोलीस चौकी, अंगणवाडी.

आता हे विद्यापीठ हिरव्या यादीत कसे बसवायचे? माणशी मोकळी जागा काढताना हे लाखो लोक भाजकात धरले, तर धरणाकाठच्या जमिनीची वाटणी होऊन प्रत्येकाच्या वाट्याला पाय टेकण्यापुरती जागाही येणार नाही. न धरले, तर विद्यापीठ म्हणजे काही शे कर्मचारी आणि मोकळे रान असे चित्र होऊन ते जगातल्या कोणत्याही विद्यापीठाहून हिरवे दिसेल. दोन्ही उत्तरे गणिताने बरोबर, आणि दोन्ही अर्थाने चूक. चूक भागाकारात नाही. विद्यापीठ म्हणजे कॅम्पस या गृहीतात आहे.

या गृहीताला धक्का देणारा एक अभ्यास इंग्लंडमध्ये २००५ सालीच झाला होता. तेथल्या मुक्त विद्यापीठातील रॉबिन रॉय, स्टीफन पॉटर आणि कॅरन यारो यांनी कॅम्पसवरचे शिक्षण आणि दूरशिक्षण यांचा पर्यावरणावरील भार ताडून पाहिला. दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमांना सरासरी ८७ टक्के कमी ऊर्जा लागली आणि त्यांतून ८५ टक्के कमी कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला. कारणे साधी : विद्यार्थ्यांचा प्रवास कमी, वसतिगृहांचा खर्च नाही, आणि एकाच जागेचा उपयोग फार मोठ्या संख्येला. त्याहून लक्षणीय निष्कर्ष असा की, छापील पुस्तकांवर चालणाऱ्या दूरशिक्षणाच्या तुलनेत संगणकावरच्या शिक्षणाने होणारी आणखी बचत फारशी नव्हती. म्हणजे टपालाने घरी येणारे साधे पुस्तकही हिरवेपणात मागे नव्हते.

हे आकडे इंग्लंडचे आहेत, तेथल्या थंडीचे आणि तेथल्या मोटारींचे आहेत. एसटीने किंवा सायकलीने महाविद्यालयात जाणाऱ्या, आणि हीटर ठाऊक नसलेल्या निफाडच्या विद्यार्थ्याला ते जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. शिवाय कार्बन वाचतो म्हणून साऱ्यांनी घरी बसून शिकावे, असे म्हणणेही आम्हांस मान्य नाही. विद्यार्थ्याचा कार्बन वाचतो तसा त्याचा सोबतीही वाचतो. वर्गाबाहेरच्या पायरीवरची चर्चा, ग्रंथालयात चुकून हाताला लागलेले पुस्तक, खेड्यातून आलेल्या मुलीला वसतिगृहात प्रथमच मिळालेली स्वतःची खोली, यांचा भार पृथ्वीवर पडतो हे खरे. पण तो भार पेलण्यासाठीच समाज विद्यापीठ उभारतो. मुक्त विद्यापीठाचा मार्ग हा ज्यांना दुसरा मार्ग नव्हता त्यांच्यासाठी होता. त्याला काटकसरीचे साधन करून टाकले, तर फुल्यांचा प्रश्न उलट्या दिशेने परत येईल : काहींना सावली, आणि बाकीच्यांना पुस्तकांचे पार्सल.

आणि येथे आपल्या, म्हणजे मराठीच्या अभ्यासकांच्या, हिताचा मुद्दा येतो. टाइम्स आणि क्यूएस यांच्या याद्यांत संशोधनाचे माप एल्सव्हिअर या कंपनीच्या सूचीतून घेतले गेले. त्या सूचीत इंग्रजीचे राज्य आहे. पाणलोट, पीकपद्धती, दुष्काळ, विस्थापन यांवर मराठीत जे लिहिले गेले त्याला तेथे जवळजवळ जागाच नाही. मुक्त विद्यापीठाने अर्थशास्त्रापासून शेतीपर्यंतचे विषय मराठीत, एकट्याने वाचणाऱ्या प्रौढाला उमजतील अशा गद्यात आणले. हे गद्य सर्वत्र सरस होते असे नाही; काही पुस्तकांची भाषा भाषांतराच्या काठीवर चालते. पण सोयगावच्या शेतकऱ्याने ठिबक सिंचनावरचे प्रकरण वाचून बांधावर जाऊन नळी बदलली, तर ते ज्ञान टिकले. मोजमापाच्या लेखी मात्र ते घडलेच नाही. जे ज्ञान परिसरापर्यंत पोहोचते ते यादीत पोहोचत नाही, आणि जे यादीत पोहोचते ते परिसराला वाचता येत नाही, अशी ही विचित्र स्थिती आहे.

‘शाश्वत’ हा शब्दही आपण जरा घाईनेच स्वीकारला. आमच्या संतांच्या भाषेत देह अशाश्वत, संसार अशाश्वत. शाश्वत असे एकच तत्त्व. त्या शब्दाला सौरपट्ट्या आणि कचऱ्याचे डबे मोजण्याच्या कामाला जुंपले, तेव्हा तो थोडा अवघडला असणार. ‘टिकाऊ’ हा शब्द त्याहून नम्र आणि खरा. टिकाऊ वस्तू कशी ओळखतात? किती वर्षे चालली, कितीदा दुरुस्त केली, पुढच्या पिढीच्या हाती कोणत्या स्थितीत गेली, यावरून. विद्यापीठाला हेच विचारावे. लावलेल्यांपैकी दहा वर्षांनी किती झाडे उभी आहेत? तीन जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्याला आपल्या तालुक्यातच कोणती कामे उरकता येतात? ज्या नदीच्या पाण्यावर विद्यापीठ चालते तिच्याविषयी तेथल्या माणसाला वाचता येईल असे त्याने काय लिहिले? निवृत्त झालेल्या शिक्षकाची जागा भरली का?

गंगापूर धरणातून सुटलेले पाणी नाशिकचा घाट ओलांडून पुढे नगर जिल्ह्याच्या कडेने मराठवाड्यात जाते. वाटेत ते पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातून जाते, आणि मुक्त विद्यापीठाच्या तर कोठेच बाहेर पडत नाही, निदान राज्याची सीमा येईपर्यंत. त्या पाण्याला कुंपण ठाऊक नाही. विद्यापीठाचा परिसर कोठवर, या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्याने एकदा त्या काठाने चालत जावे. प्रतवारीचा तक्ता मग वाचावा.